अडकलेली किल्ली आणि साक्षीदाराचा प्रवास

आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. आमच्याकडे म्हणजे कोणा एकाच्या दारात नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरीतल्या चार जणांनी पगारातून आणि बाकीच्यांनी वर्गणीतून पैसे घालून ती सेकंडहँड घेतली. तिची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली आहे. आता दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन, तपासणी करून, फी भरून ती पुन्हा नोंदवून घ्यावी लागते. मागच्या बाकांचे रेक्झिन फाटले आहे, टपावर कर्णे बांधून बांधून पत्रा दबला आहे. या गाडीने 14 एप्रिलच्या मिरवणुका पाहिल्या, 6 डिसेंबरला चैत्यभूमी पाहिली, 20 मार्चला महाड पाहिले. पण गेल्या काही वर्षांत तिचे मुख्य काम वेगळेच झाले आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांतील फिर्यादींना आणि साक्षीदारांना तारखेच्या दिवशी कोर्टात पोहोचवणे, हे ते काम.

या गाडीची किल्ली एका रात्री इग्निशनमध्ये अडकली. ही तशी गॅरेजवाल्याला सांगायची गोष्ट, लेख लिहायची नव्हे. पण त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जे घडले, त्यातून आमची एक मोठी चूक आमच्या लक्षात आली. ही चूक आमच्या एकट्यांची नाही, गावोगावचे कार्यकर्ते ती करत आहेत. म्हणून लिहितो आहोत.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात एका मावशींची साक्ष होती. विहाराच्या जागेच्या वादातून त्यांच्या दिराला त्यांच्या डोळ्यांदेखत मारहाण झाली होती. खटला चालू आहे, म्हणून गावाचे नाव आणि बाकीचा तपशील देत नाही. गावापासून कोर्ट साठ-पासष्ट किलोमीटर. एसटीची पहिली गाडी सकाळी नऊनंतर गावात येते, तिने गेले तर कोर्टाच्या दारात पोहोचायला बारा वाजतात. तोवर पुकारा होऊन गेलेला असतो. मग उरतात काळी-पिवळी जीपा. गावातून चालणाऱ्या त्या जीपांपैकी दोन आरोपींच्या भावकीतल्या आहेत. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्यांच्याच माणसांच्या गाडीत, त्यांच्याच मांडीला मांडी लावून साक्षीदाराने कोर्टात जायचे! शहरात बसून "तुमचे साक्षीदार फितूर का होतात?" असे विचारणाऱ्यांना हा प्रवास दिसत नाही.

म्हणून आम्ही आदल्या रात्रीच वस्तीवर मुक्कामाला गेलो. विहारासमोरच्या उतारावर गाडी उभी केली, पुढच्या चाकाला दगड टेकवला. इंजिन बंद झाले, पण किल्ली बाहेर येईना. ती पूर्ण मागेही फिरेना. मध्येच कुठेतरी बसली होती.

आमच्यापैकी एकाने जोर लावला. दुसऱ्याने आणखी जोर लावला. तिसऱ्याने टूलबॉक्समधून पक्कड काढली. आमच्यात एक एलएलबी होता, एक एमए बीएड, एक बँकेत नोकरीला. इग्निशनच्या आत नेमके काय असते हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हते. जे माहीत नाही त्याच्यावर माणूस जोर लावतो, एवढे त्या रात्री आमच्याकडे बघून कोणालाही कळले असते.

प्रश्न साधा नव्हता. किल्ली त्या मधल्या जागेवर राहिली की डॅशबोर्डचा दिवा, टेप यांना बॅटरीतून वीज जात राहते. आमची बॅटरी आधीच म्हातारी. सकाळपर्यंत ती उतरली असती. दुसरे म्हणजे दारांनाही तीच किल्ली. ती आत अडकलेली म्हणजे दारे उघडी. आरोपी जामिनावर गावातच असताना, किल्ली लावलेली, दारे उघडी अशी गाडी रात्रभर रस्त्यावर सोडायची कशी? आणि सकाळी गाडी निघाली नाही तर मावशी कोर्टात पोहोचणार कशा?

एवढ्यात वस्तीतले एक काका हातात बॅटरी घेऊन आले. एसटीच्या डेपोत वर्कशॉपला तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले. त्यांनी "जयभीम" केला, वाकून आत पाहिले आणि म्हणाले, "ती पक्कड ठेवा आधी खाली. काढायची हाय का तोडायची हाय?"

पक्कड खाली ठेवली. काकांनी पहिल्यांदा किल्लीला हातच लावला नाही. बॉनेट उघडायला लावले आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. "आता घाई न्हाई. रात्रभर किल्ली राहिली तरी बॅटरी उतरत न्हाई. आता बघू तिला."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले ते असे. इग्निशनच्या नळीत पातळ पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीच्या मागे बारीक स्प्रिंग. किल्लीच्या खाचा बरोबर असतील तर सगळ्या पत्त्या एका रेषेत येतात आणि नळी फिरते. एक जरी पत्ती रेषेबाहेर राहिली तरी नळी अडते. फिरायला चार जागा असतात. लॉक, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. किल्ली बाहेर येते ती फक्त लॉकच्या जागेवरून. आणि आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत ॲक्सेसरीवरून लॉकवर जायला किल्ली आत दाबून फिरवावी लागते. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. चालत्या गाडीत चुकून किल्ली मागे फिरली, निघाली आणि स्टेअरिंग लॉक झाले तर माणसे मरतील, म्हणून.

"तुम्ही वढत होता. तिला आत ढकलायचं होतं," काका म्हणाले.

त्यांनी किल्ली दोन बोटांत धरली. आत दाबायची, हलकेच डावी-उजवीकडे हलवायची, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने नळीच्या कडेवर टकटक करायचे. ठोकायचे नाही, टकटक. त्या हादऱ्याने अडकलेली पत्ती जागेवर बसते. दहा-पंधरा मिनिटे हे चालले. मग काहीतरी बारीक वाजले आणि किल्ली बाहेर आली.

तिच्या खाचांत काळा चिखल होता. काकांनी तो बोटावर घेऊन वास घेतला. "तेल कुणी घातलं?"

आम्हीच घातले होते. सहा महिन्यांपूर्वी किल्ली जड चालू लागली तेव्हा इंजिन ऑइलचे थेंब सोडले होते. दोन दिवस मऊ चालली आणि आम्ही खूश झालो. पण तेलाला धूळ धरते, धुळीचा लगदा होतो आणि पत्त्यांच्या स्प्रिंगा त्यात रुततात. कुलपाला तेल नको, कोरडे काहीतरी हवे. त्यासाठी ग्रॅफाइटची पूड मिळते. रात्री साडेदहाला वस्तीवर ती कुठून आणणार? काकांनी चिखल फडक्याने पुसला, सायकलचा पंप लावून नळीतून हवा मारली आणि शेजारच्या घरातून पोराच्या दप्तरातली शिसपेन्सिल मागवली. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइटच. किल्लीच्या दोन्ही अंगांना आणि खाचांना ते घासायचे, किल्ली आत-बाहेर करायची, पुसायची, परत घासायची. आठ-दहा वेळा केल्यावर किल्ली सुरळीत जाऊ-येऊ लागली.

मग त्यांनी ती उजेडात धरली. मानेजवळ केसाएवढी चीर होती. आमच्या पकडीची.

"ही उद्या एकदाच वापरा. गाडी कोर्टापर्यंत बंद करू नका. आन सकाळी चावी फिरली न्हाई तर चावीशी भांडू नका, स्टेअरिंगशी बोला. आत तुकडा पडला तर मग मावशीला खांद्यावर न्यावं लागंल."

सकाळी सहा वाजता तसेच झाले. बॅटरीची वायर जोडली, किल्ली घातली, फिरेना. उतारावर चाक दगडाला टेकलेले, त्यामुळे स्टेअरिंगवर ताण, आणि त्या ताणाने स्टेअरिंग लॉकचा खिळा त्याच्या खाचेत आवळून बसलेला. काकांचे बोलणे आठवले. एका हाताने स्टेअरिंग ज्या बाजूला थोडे सैल होते त्या बाजूला धरले, आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवली. फिरली. जीप सुरू झाली. मावशींना घेऊन सव्वानऊला कोर्टाच्या आवारात पोहोचलो.

आता थोडे थांबून स्वतःला प्रश्न विचारू. हे काका आमच्या तालुक्यातलेच आहेत. दर जयंतीला येतात. आजवर आम्ही त्यांना कोणते काम दिले? खुर्च्या उचलायचे, मांडव घालायचे, जनरेटर बघायचे. मंचावर बसायला कोण? आम्ही. भाषण कोणाचे? आमचे. 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही वरखाली रचलेली. हे आम्ही दर भाषणात सांगतो. आणि व्यासपीठावर डोक्याचे काम करणारा, मांडवात हाताचे काम करणारा, अशी विभागणी स्वतःच्या कार्यक्रमात करतो. शिकलेल्याने हाताने काम करणाऱ्याला खाली बसवायचे ही रीत आम्ही कुठून आणली? बाबासाहेबांकडून तर नक्कीच नाही.

हा झाला पहिला मुद्दा. आमची मोठी चूक मात्र पुढे कोर्टात समोर आली.

मावशींची सरतपासणी त्या दिवशी झाली. त्यांनी घाबरत का होईना, जे पाहिले ते सांगितले. उलटतपासणीसाठी पुढची तारीख पडली. व्हरांड्यात बाकावर बसलेल्या एका तरुण वकील ताईंनी आम्हाला सहज विचारले, "मावशींच्या प्रवासभत्त्याचा अर्ज दिलाय ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कसला अर्ज?

ताईंनी पिशवीतून कायद्याचे पुस्तक काढले आणि आमच्यासमोर ठेवले. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याखालचे नियम 1995 चे. नियम 11 वाचा. अत्याचारग्रस्ताला, त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना आणि साक्षीदारांना घरापासून तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणापर्यंत जाण्या-येण्याचे भाडे मिळाले पाहिजे. वाहनाची सोय करणे किंवा खर्च भरून देणे ही जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. साक्षीदार जितके दिवस घराबाहेर राहील तितक्या दिवसांचा निर्वाह खर्च मिळाला पाहिजे, आणि तो शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. जेवणाचा खर्च त्याशिवाय वेगळा. साक्षीदार स्त्री असेल, अल्पवयीन असेल, साठीच्या पुढची व्यक्ती असेल किंवा 40 टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर स्वतःच्या पसंतीचा सोबती नेण्याचा हक्क आहे आणि त्या सोबत्याचा खर्चही शासनाने द्यायचा आहे. आणि हे पैसे लगेच, फार तर तीन दिवसांत द्यायचे आहेत.

एवढ्यावर थांबत नाही. 2015 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. तिच्यातून आलेले कलम 15अ पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे आहे. त्यांना धाकदपटशा, दबाव, प्रलोभन, हिंसा यांपासून संरक्षण देण्याची व्यवस्था शासनाने केलीच पाहिजे. तपास, चौकशी आणि खटल्याच्या काळात प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च मिळवून देणे हे खटला चालवणाऱ्या न्यायालयाचेही कर्तव्य आहे.

आणि आम्ही काय करत होतो? वर्षानुवर्षे वर्गणीचे डिझेल जाळून साक्षीदारांना नेत होतो आणि त्याचा अभिमान बाळगत होतो. "आमचा साक्षीदार आम्ही आणतो, शासनाच्या उपकारावर नाही." ऐकायला छान वाटते. पण यात उपकार कुठला? तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आम्ही तो मागितला नाही, म्हणून शासनाला तो द्यावा लागला नाही. आमच्या प्रत्येक फेरीने एका कार्यालयाची एक जबाबदारी टळली. मावशींची त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. आणि अखेर एका खटल्यातील साक्ष एका चिरलेल्या किल्लीवर येऊन टांगली गेली.

या हक्काची आम्हाला माहिती का नव्हती, हाही प्रश्न आहे. आमच्यात वकील आहेत. कायद्याचे पुस्तक कार्यालयात आहे. मग?

याचे उत्तर आम्हाला त्याच आठवड्यात किल्लीवाल्याच्या टपरीवर मिळाले.

चिरलेली किल्ली घेऊन आम्ही एसटी स्टँडजवळच्या किल्लीवाल्याकडे गेलो. सोबत कार्यालयातली दुसरी किल्ली होती. चार वर्षांपूर्वी याच किल्लीवरून काढलेली, आणि पहिल्या दिवसापासून थोडी अडखळत चालणारी. म्हटले, या दोन्हींवरून एक चांगली काढून द्या. त्याने दोन्ही हातात घेतल्या आणि परत दिल्या. म्हणाला, "दादा, यावरून काढली तर तीही अशीच निघेल. ही घासलेली आहे. मशीन घासलेली किल्ली बघून घासलेलीच कापते. त्यावरून तुम्ही आणखी एक काढली, ती आणखी बिघडली."

मग उपाय काय? गाडी नवी घेताना किल्लीसोबत एक क्रमांक मिळतो, त्यावरून मूळ मापाची किल्ली कापता येते. आमची गाडी सेकंडहँड, तो क्रमांक कधीच हरवलेला. त्याने दुसरा मार्ग काढला. ड्रायव्हरशेजारच्या दाराचे कुलूप काढले. त्याला किल्ली तीच लागते, पण ते दार बहुधा आतूनच उघडले जाते, त्यामुळे त्याच्या पत्त्या जवळजवळ नव्यासारख्या राहतात. त्या पत्त्यांची उंची मापून त्याने नवी किल्ली कापली. इग्निशनची नळी काढून क्लीनरने धुतली, जुने तेल काढले, कोरडे ग्रॅफाइट सोडले. साडेचारशे रुपये घेतले. किल्ली आता एका बोटाने फिरते.

टपरीवर बसल्या बसल्याच आम्हाला आमच्या कार्यालयातली ती फाइल आठवली. तिच्यात अर्जांचे नमुने आहेत. एफआयआर नोंदवून घेत नाहीत म्हणून पोलीस अधीक्षकांना द्यायचा अर्ज, अर्थसाहाय्याचा अर्ज, संरक्षणाचा अर्ज. हे नमुने एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेहनतीने तयार केले होते. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सवरून टायपिंग, टायपिंगवरून मोबाइलवर फिरणारी पीडीएफ. प्रत्येक वेळी कोणीतरी जागा वाचवायला एखादा परिच्छेद गाळला. एकाने लांबलचक वाटला म्हणून नियम 11 चा उल्लेखच काढून टाकला. मूळ नमुन्यात तो होता, आम्ही नंतर शोधून पाहिला. आणि 2016 साली जे आले ते तर त्यात असणेच शक्य नव्हते. आमच्या तालुक्यातला प्रत्येक नवा कार्यकर्ता हीच फाइल घेऊन काम शिकला.

तीच घासलेली किल्ली, तिच्यावरून काढलेली दुसरी, दुसरीवरून तिसरी. आणि अर्ज चालला नाही की आम्ही म्हणायचो, अधिकारीच जातीयवादी आहे. अधिकारी जातीयवादी असतोही, ते नाकारण्याचे कारण नाही. पण अर्जात जे मागितलेच नाही ते दिले नाही म्हणून त्याला धरता येत नाही. कायदा मुळातून वाचला पाहिजे, दुरुस्त्यांसह वाचला पाहिजे. बाबासाहेबांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडाने प्रकाशित केली आहेत. तरी आपण मात्र व्हॉट्सॲपवर आलेले, कोणीतरी कोणाकडून तरी उतरवलेले वाक्य त्यांच्या फोटोखाली टाकतो आणि त्यावर भांडतो. सत्ता ही गुरुकिल्ली आहे, हे तर आपल्या प्रत्येक सभेत ऐकू येते. पण कायद्याने आधीच हातात दिलेल्या लहान लहान किल्ल्या आपण खिशात ठेवून विसरलो, त्यांचे काय?

या निमित्ताने 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला चाळीसगावचा प्रसंग पुन्हा वाचला. 1929 साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या कामाच्या दौऱ्यातून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. मग तडजोड झाली. टांगा भाड्याने, पण टांगेवाला येणार नाही. आपल्या लोकांनी आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर टांगा अपघातात सापडला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग आपण सांगतो तो टांगेवाल्याचा जातीचा ताठा दाखवायला. ते बरोबरच आहे. पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना प्रतिष्ठेला धरून वाटले नाही, आणि त्या प्रतिष्ठेपायी पाहुण्याच्या सुरक्षिततेचा विचार मागे पडला. हे त्यांनी आपल्याच माणसांविषयी, प्रेमाने पण न लपवता लिहिले. आम्ही मावशींच्या बाबतीत वेगळे काय केले? "आमचा साक्षीदार आमच्या गाडीत" या प्रतिष्ठेपायी एका साठीच्या बाईला म्हाताऱ्या बॅटरीच्या, चिरलेल्या किल्लीच्या गाडीत घालून नेले. वाटेत गाडी बंद पडली असती तर?

यावर आमच्यातल्याच काहींनी आक्षेप घेतले. पहिला आक्षेप असा की साक्षीदाराला शासनाच्या भरवशावर सोडायचे का? नाही. भाड्याची गाडी कुठली करायची, सोबत कोणाला घ्यायचे हे साक्षीदार ठरवेल. कार्यकर्ता सोबत राहीलच. फक्त खर्च आणि जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडे जाईल. दुसरा आक्षेप असा की चार-पाचशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार? प्रश्न रकमेचा नाही. अर्ज दाखल झाला की साक्षीदाराला अडचण आहे, तिच्यावर दबाव येऊ शकतो, याची न्यायालयात लेखी नोंद होते. उद्या ती गैरहजर राहिली तर ती नोंद तिच्या बाजूने बोलेल. शेतमजुरी करणाऱ्या बाईला एक दिवस बुडवायचा म्हणजे काय, हे पगारी माणसाने ठरवू नये. तिसरा आक्षेप, हे सगळे शासनाने केले तर चळवळ कशाला? शासनाने ते करावे यासाठीच तर चळवळ आहे!

मावशींच्या पुढच्या तारखेआधी आम्ही दोन अर्ज दिले. एक विशेष न्यायालयात कलम 15अ खाली, दुसरा उपविभागीय कार्यालयात नियम 11 खाली. कार्यालयात पहिले उत्तर ठरलेलेच मिळाले. "असा काही हेड नाही." आम्ही म्हणालो, "साहेब, हे तेवढे लेखी द्या." लेखी कोणी दिले नाही, अर्ज मात्र आवक शिक्का मारून घेतला. न्यायालयाने आदेश दिला. पैसे तीन दिवसांत आले नाहीत, दोन महिन्यांनी आले. पण आले, आणि मावशींच्या स्वतःच्या खात्यात आले. तीन दिवसांचे दोन महिने का झाले, हा विषय आम्ही जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे लेखी दिला आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या या समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे, असे हेच नियम सांगतात. तुमच्या जिल्ह्यात ती होते का, हेही एकदा विचारून पाहा.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच. तुमच्याकडची अर्जांची जुनी फाइल काढा. मूळ कायदा, 1995 चे नियम आणि 2015 ची दुरुस्ती शेजारी ठेवून ओळीने तपासा. समन्स हातात पडल्याबरोबर प्रवास, निर्वाह आणि सोबत्याचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तारीख झाली की तिकिटे, भाड्याची पावती, हजेरीचा दाखला जोडून मागणी करा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

उलटतपासणीच्या दिवशी मावशी शेजारच्या गावच्या भाड्याच्या गाडीतून आल्या. सोबती म्हणून त्यांनी आम्हाला नव्हे, आपल्या धाकट्या बहिणीला निवडले. दोघी व्हरांड्यात डबा खात होत्या. आम्ही जीप घेऊन गेलो होतो, पण त्यांना आणायला नाही. त्या दिवशी गाडी दुसऱ्या कामाला होती. डेपोतले काका चालवत होते आणि मागे आयटीआयची सहा पोरे बसली होती. येत्या 14 एप्रिलपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका विहारात गाडीच्या कामाचा वर्ग घेणार आहेत. पहिल्या वर्गाला आम्ही तिघेही नाव नोंदवले आहे. पक्कड घरी ठेवून यायची, अशी त्यांची अट आहे.

जयभीम!